लग्नाचा भात आणि ओनोफ्रेचा दात

"त्यात हॅम घालतात, सॉसेज घालतात, गाजर, मटार, लोणी आणि शेवटी टोमॅटो केचप," दोराबाई म्हणाल्या, तेव्हा ओनोफ्रेच्या हातातला कॉफीचा कप बशीवर जरा जोरातच आदळला.

दोराबाई म्हणजे ओनोफ्रेच्या होणाऱ्या विहीणबाई. पूर्ण नाव आउक्सिलियादोरा, राहणार निकाराग्वा. मुलाच्या लग्नासाठी बाई अख्खा समुद्र ओलांडून आठवड्यापूर्वीच येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांचा मुलगा नॉर्विन आणि ओनोफ्रेची एकुलती एक मुलगी नेउस यांचं लग्न सप्टेंबरात होतं. सगळं ठरलं होतं. फक्त लग्नात भात कुठला करायचा हा प्रश्न निघाला आणि तोही असा निघू शकतो हे ओनोफ्रेच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वॅलेन्सियातलं, तळ्याकाठचं, चहूबाजूंनी भातखाचरं असलेलं गाव. त्या खाचरांचे पंप दुरुस्त करण्यात ओनोफ्रेचा जन्म गेलेला. त्याच्या पोरीच्या लग्नात पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवायचा आमच्याकडचा केशरी भात, होणार आणि ती बाप स्वतःच्या हाताने करणार, हे नेउस पाळण्यात होती तेव्हाच त्याने ठरवून टाकलं होतं. त्यासाठी त्याने गोठ्याच्या दरवाजाएवढी कढई घेऊन माळ्यावर ठेवली होती आणि दरवर्षी तिला तेलाचा हात फिरवत होता.

"आणि ह्या पदार्थाला तुमच्याकडे म्हणतात तरी काय?" त्याने जपून विचारलं.

"वॅलेन्सियाना," दोराबाई अभिमानाने म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या वॅलेन्सियाचाच भात की हो. आमच्याकडे बारसं असो, वाढदिवस असो, लग्न असो, त्याच्यावाचून पान हलत नाही. म्हटलं, लग्न वॅलेन्सियात आहे तर आपणच करू. तुम्हालाही घरचं खाल्ल्यासारखं वाटेल."

ओनोफ्रेने बायकोकडे पाहिलं. एम्पारने खिडकीबाहेर पाहिलं. पाएयात जे घालायचं ते सोडून दुसरं काहीही घातलं, तर आमच्या भागात त्याला 'वस्तू घातलेला भात' म्हणतात. ही काही शिवी नाही, पण तेवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबल्याची उदाहरणं गावात आहेत. ते शब्द ओनोफ्रेच्या जिभेच्या टोकापर्यंत आले आणि समोर विहीण बसली आहे हे आठवून त्याने ते कॉफीबरोबर गिळले.

"फक्त तो सारखा ढवळत राहावा लागतो बरं का," दोराबाई पुढे म्हणाल्या. "हात थांबला की बुडाला लागलाच."

हे मात्र ओनोफ्रेला गिळता येईना. पाएयात तांदूळ पडला की त्याला पुन्हा चमचा लावायचा नाही, आणि बुडाला लागलेली खमंग खरवड हाच तर त्यातला जीव. ही बाई ती खरवड लागू नये म्हणून उभी राहून भात ढवळत होती, आणि वर त्याला त्याच्याच गावाचं नाव देत होती.

घरात दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी नेउसने निकाल दिला. "बाबा, लग्न दोन्ही घरांचं आहे. रविवारी तू पाएया कर. त्या इतक्या लांबून आल्यात, तेव्हा चव त्यांनीच घ्यायची. त्यांना पटली तर लग्नाचा भात तुझा. नाही पटली तर त्यांचा. मग कुरकुर चालणार नाही."

"म्हणजे परीक्षक पण त्याच?"

"हो. भीती वाटतेय का?"

"भीती कसली?" ओनोफ्रे म्हणाला. पण रात्री त्याला झोप लागली नाही, हे एम्पारला पक्कं ठाऊक होतं, कारण तिलाही त्याने झोपू दिलं नाही.

रविवारी सकाळपासून अंगणात ओनोफ्रेचं तोंड आणि चूल दोन्ही पेटलेली होती. संत्र्याची वाळकी लाकडं त्याने स्वतः निवडली. तिवई समतोल आहे ना, हे कढईत पाणी ओतून पाहिलं. ससा आणि कोंबडी तेलात लाल होईपर्यंत परतली, फरसबी टाकली, डबल बी टाकली, गोगलगाई टाकल्या, केशर टाकलं आणि प्रत्येक गोष्ट टाकताना दोराबाईंना एकेक व्याख्यान दिलं. लाकूड संत्र्याचंच का, पाणी आमच्याच गावचं का, कांदा का नाही, मटार का नाही. दोराबाई हातात पंखा घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि गोड हसून "असं होय" म्हणत होत्या. त्या "असं होय"चा अर्थ काही केल्या त्याला लागत नव्हता.

त्यात सेनेंत येऊन टपकला. सेनेंत म्हणजे एम्पारचा भाऊ. याने जन्मात कधी चूल पेटवली नाही, पण दुसऱ्याच्या चुलीपाशी उभं राहून सल्ला देण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं.

"दाजी, जाळ जास्त झालाय."

"जाळ बरोबर आहे."

"बरं, तुझी मर्जी. पाणी पण जास्त वाटतंय मला."

"तू जाऊन वाइन उघड," ओनोफ्रे म्हणाला.

आता इथे दाताचं सांगायला हवं. ओनोफ्रेचा वरचा पुढचा एक दात खोटा होता. जुन्या पंपाचा दांडा उलटा फिरला तेव्हा खरा गेला, आणि त्या जागी काढता-घालता येणारा आला. गेले काही दिवस त्याची पकड सैल झाली होती. एम्पार रोज म्हणत होती की दाखवून ये, आणि ओनोफ्रे रोज म्हणत होता की एवढा रविवार होऊ दे.

पाण्याला कढ आला. ओनोफ्रेने टोपी काढली, कढईत तांदळाची आडवी रेघ ओतली, पळीच्या टोकाने तो सगळीकडे सारखा पसरला आणि पळी बाजूला ठेवली. अंगण गप्प झालं. कुंपणापलीकडचे शेजारीसुद्धा बोलायचे थांबले. आता देवसुद्धा मध्ये येणार नाही अशी ती वेळ. आणि नेमक्या त्या वेळी दोराबाईंनी पंखा काखेत मारला, ती बाजूला ठेवलेली पळी उचलली आणि कढईवर वाकून म्हणाल्या, "थांबा, मी जरा ढवळते. तुम्ही दमलात."

"ढवळायचं नाही!" ओनोफ्रे ओरडला.

असा ओरडला की चिंचोळ्या गल्लीपलीकडे कुत्रं भुंकायला लागलं. आणि त्या ओरडण्यासरशी दात सुटला, हवेत छोटीशी उडी मारून कढईच्या कडीजवळ, लिंबाच्या झाडाच्या बाजूला, उकळत्या भातात बुडाला.

ओनोफ्रेने पटकन तोंड मिटलं. मग आजूबाजूला पाहिलं. एम्पार पाव कापत होती. नेउस आणि नॉर्विन टेबल मांडत होते. सेनेंत बाटलीच्या बुचाशी झटत होता. दोराबाईंनी पळी खाली ठेवली होती आणि त्या कढईकडेच बघत होत्या, पण चेहऱ्यावर तेच गोड हसू. कुणाला काही दिसलं नव्हतं.

आता काय करायचं? पळी घालून दात काढणं म्हणजे ढवळणं. आत्ताच, या बाईवर, गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडून जे करायचं नाही असं सांगितलं, तेच तिच्यासमोर करायचं? शिवाय दात पांढरा, तांदूळ पांढरा. सापडणार कसा? ओनोफ्रेने मनातल्या मनात सगळे संत आठवले. भात लग्नाच्या परीक्षेचा होता, आणि परीक्षकाच्या दाताखाली त्याचा दात आला असता तर लग्नात केचपचा भात खायची वेळ येणार होती.

बुद्धीला जे सुचलं ते त्याने केलं. रोझमेरीची काडी उचलली आणि दात बुडाला तिथेच, निशाणीसारखी, भातात खोचून ठेवली.

"आत्ताच रोझमेरी?" सेनेंत धावत आला. "दाजी, ती शेवटी घालतात रे."

ओनोफ्रेने ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर भगदाड दिसलं असतं, आणि बोलला असता तर शिट्टी वाजली असती.

"बोलत का नाहीस?" एम्पारने विचारलं. "चक्कर येतेय का? उन्हात फार वेळ उभा आहेस."

त्याने जाळाकडे बोट दाखवलं आणि खाली बसून लाकडं मागे ओढू लागला.

"लक्ष एकवटलंय त्यांचं," दोराबाई म्हणाल्या. "बोलू नका त्यांच्याशी."

सकाळपासून अखंड चाललेलं तोंड बंद झाल्यावर अंगणात एक पोकळी निर्माण झाली, आणि ती भरून काढायला सेनेंत होताच. तो दोराबाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला, दोन्ही अंगठे पट्ट्यात अडकवले आणि बोलायला लागला.

"आता तुम्हाला खरं सांगतो, विहीणबाई. दाजी जरा कर्मठ आहे. एवढं काही नसतं हो. आमची आई थोडा कांदा घालायची."

ओनोफ्रेच्या हातातलं लाकूड मोडलं. सेनेंतच्या आईने जन्मात कांदा घातला नव्हता. ओनोफ्रेने तिच्या हातची पाएया वर्षानुवर्षं खाल्ली होती. त्या पुण्यवान बाईवर तिचाच पोरगा हा आळ घेत होता आणि जावयाला ब्र काढता येत नव्हता.

"कांदा चालतो म्हणता?" दोराबाईंनी विचारलं.

"चालतो की. थोडा गोडवा येतो."

"मग मटार पण चालत असतील."

"मूठभर मटारांनी काय होतंय? रंग छान दिसतो."

ओनोफ्रेने एम्पारकडे आशेने पाहिलं. आईच्या अब्रूचा प्रश्न होता, निदान ती तरी काही बोलेल. पण एम्पारचं लक्ष कढईकडे होतं. "अरे, ही काडी किती वेळ ठेवणार? कडू होईल सगळं," असं म्हणत तिने येऊन रोझमेरी उपसली आणि कोंबड्यांना टाकली.

निशाणी गेली. ओनोफ्रेने डोळे मिटले. पण घाबरायचं कारण नव्हतं. दात कडीजवळ होता. कडीसमोर आपण बसायचं, आपल्या वाट्याचं खायचं, दात हळूच तोंडात घ्यायचा, बसवायचा, संपलं. आमच्याकडे पाएया ताटात वाढत नाहीत. कढईच टेबलावर येते, तिच्याभोवती सगळे बसतात, प्रत्येकजण लाकडी चमच्याने आपल्यापुढचा त्रिकोण खात मध्याकडे जातो, आणि शेजाऱ्याच्या त्रिकोणात कुणीही चमचा घालत नाही. म्हणजे दात कुठेही जाणार नव्हता.

भात आळला. पाणी आटल्याचा तो तडतड आवाज आला, खरवड लागल्याचा खमंग वास सुटला आणि तशा अवस्थेतही ओनोफ्रेला भरून आलं. इतकी जमलेली पाएया त्याच्या हातून कधी झाली नव्हती. प्रत्येक दाणा सुटा, वर तेलाची हलकी चकाकी, रंग असा की बघत राहावं. आणि नेमक्या ह्याच पाएयात दात होता.

"चला, उचला," सेनेंत म्हणाला. त्याने एक कडी धरली, नॉर्विनने दुसरी. ओनोफ्रे धावला, पण त्याला नुसते हातवारे करता येत होते, आणि ते हातवारे सेनेंतला 'सांभाळून' असे वाटले. सांभाळून म्हणून तो लिंबाच्या फांदीखालून जाण्याऐवजी वळसा घालून गेला, मग टेबलाची कड लागली म्हणून दोघे उलटे फिरले, मग नेउस म्हणाली "इकडून नको, तिकडून," म्हणून पुन्हा फिरले. कढई टेबलावर टेकली तेव्हा दोन कड्या समोरासमोर होत्या आणि त्यातली दाताची कोणती हे सांगणारं जगात कुणी नव्हतं.

ओनोफ्रेने मनाशी कौल घेतला आणि एका कडीसमोरची खुर्ची पकडली. दुसऱ्या कडीसमोर, बरोबर त्याच्यापुढे, मानाच्या जागेवर दोराबाईंना बसवलं गेलं.

"सुरू करा," एम्पार म्हणाली.

ओनोफ्रे तुटून पडला. त्याने इतक्या वेगाने आणि इतक्या बारकाईने पाएया कधी खाल्ली नव्हती. प्रत्येक घास जिभेने चाचपून बघत होता. एकदा टणक काहीतरी लागलं आणि त्याचं काळीज उडालं. सशाचं हाड निघालं. पुन्हा लागलं, तर गोगलगाईचा शंख. सगळा त्रिकोण संपला, खरवडसुद्धा खरवडून झाली, आणि दात नाही.

म्हणजे दात समोर होता.

त्याने मान वर केली. दोराबाई काही नीट खात नव्हत्या. कडेपासून एक-दोन घास घेतले होते, आणि आता चमच्याने भात पुढे ढकलत होत्या. थोडा ढकलायच्या, थांबायच्या, ओनोफ्रेकडे बघायच्या, पुन्हा थोडा ढकलायच्या. टेबलावरसुद्धा ढवळणं सुटेना या बाईचं, असं त्याच्या मनात आलं. आणि चव आवडलेली नाही हे तर उघडच होतं. भात मध्याशी येऊन ढिगारा झाला होता.

"काय विहीणबाई, जात नाही का?" सेनेंतने विचारलं. "कांदा हवा होता, म्हटलं ना मी."

तेवढ्यात ओनोफ्रेला दिसलं. त्या ढिगाऱ्याच्या अगदी टोकावर, केशराने छान पिवळा झालेला, त्याचा दात बसला होता. आणि मागून दोराबाईंचा चमचा येत होता.

पुढे जे झालं ते आमच्या गावात अजून हळू आवाजात सांगतात. ओनोफ्रे खुर्चीवरून अर्धा उठला, हात लांब केला, त्याचा चमचा कढईचा मध्य ओलांडून थेट विहीणबाईंच्या त्रिकोणात शिरला, ढिगाऱ्याचं टोक उडवलं आणि भातासकट तोंडात घातलं.

कुंपणापलीकडच्या शेजारणीने छातीवर क्रूस काढला. एम्पारने कपाळाला हात लावला. नेउस नुसती "बाबा" म्हणाली, लहानपणी तो तिला रागवायचा त्या स्वरात.

"दाजी," सेनेंत म्हणाला, "तू दुसऱ्याच्या वाट्यात चमचा घातलास. पाहुण्यांच्या."

ओनोफ्रेने तोंड मिटून जिभेने दात जागेवर दाबला. बारीक टक असा आवाज झाला. मग त्याने भात चावला, गिळला, रुमालाने ओठ पुसले, आणि इतका वेळ साठवून ठेवलेलं पहिलं वाक्य बाहेर काढलं.

"सेनेंत, तुझ्या आईने पाएयात कधीही कांदा घातला नाही."

"तेच म्हणतेय मी मघापासून मनात," एम्पार म्हणाली. "आईचं नाव का घेतोस रे तू उगाच?"

पण बाकी सगळ्यांचं लक्ष दोराबाईंकडे होतं. त्यांनी चमचा खाली ठेवला, पंखा उघडला आणि दोनदा हलवला. ओनोफ्रेला वाटलं, संपलं. आता केचप.

"आठवडा झाला मला येऊन," दोराबाई म्हणाल्या. "सगळे माझ्याशी इतके अदबीने वागले की मला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे ज्याच्या ताटातलं आपण उचलून खात नाही, तो आपला कोण? आज व्याह्यांनी माझ्यापुढचा घास उचलला. आता मी नातेवाईक झाले. आणि भाताचं म्हणाल, तर असा भात मी जन्मात खाल्ला नव्हता. लग्नाचा भात यांनीच करायचा."

एकदम गलका झाला. नेउसने बापाच्या गळ्यात हात टाकले. नॉर्विनने शिट्टी मारली. कुंपणापलीकडचे शेजारी टाळ्या वाजवत आत आले, येताना आपापले चमचे घेऊन आले, आणि नियम एकदा मोडलाच आहे म्हणून जिथे जागा दिसेल तिथे घुसले. ओनोफ्रे अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळे दात दाखवून हसला. माळ्यावरची कढई उतरवायला उद्याच माणसं बोलवायची, शंभर माणसांना किती ससे लागतील, जाळ कुठे करायचा, सगळं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. सेनेंतलासुद्धा त्याने लाकडं वाहायचं काम देऊन टाकलं. इतका आनंद त्याला पोरगी झाली तेव्हा झाला होता आणि त्यानंतर आजच.

गर्दी जरा पांगल्यावर दोराबाई त्याच्याजवळ आल्या. कढईच्या तळाशी राहिलेली खरवड त्या चमच्याने सोडवत होत्या आणि एकेक तुकडा चवीने चघळत होत्या.

"बसला का नीट?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"दात हो. मी मघापासून तुमच्याकडे ढकलतेय, ढकलतेय, आणि तुम्ही आपले माझ्या तोंडाकडे बघत बसलात. दोन घास खाऊन माझं पोट रिकामं राहिलंय तुमच्या पायी."

ओनोफ्रेचा चेहरा केशरासारखा झाला. "तुम्ही पाहिलं होतं?"

"पडताना. माझ्या नाकासमोरून गेला. आमचे हे होते तेव्हा त्यांची अख्खी कवळी दोनदा सूपमध्ये गेली होती. मला सवय आहे."

"मग त्या ताटातल्या घासाचं जे म्हणालात ते?"

"काहीतरी म्हणायला नको का? सगळे तुमच्याकडे खाटकाकडे बघावं तसे बघत होते." त्यांनी खरवडीचा एक मोठा तुकडा सुटा केला, त्याचे दोन भाग केले आणि एक त्याला दिला. "भात मात्र खरंच सुरेख झालाय. ते खोटं नाही बोलले. दातासकट एवढा छान, तर लग्नात कसा होईल?"

ओनोफ्रेने खरवड घेतली. आभार मानावेत तर ते कशाबद्दल हे मोठ्याने सांगता येत नव्हतं.

"तर ठरलं," दोराबाई म्हणाल्या. "लग्नाचा भात तुमचा. नातवंडाच्या बारशाचा माझा. हॅम, मटार, केचप, सगळं. इथेच, ह्याच अंगणात."

"गावासमोर?"

"गावासमोर. आणि मदतीला एक माणूस लागेल मला. माझा हात दुखतो आता ढवळून ढवळून."

ओनोफ्रेने इकडेतिकडे पाहिलं. एम्पार आणि सेनेंत कांद्यावरून हातघाईवर आले होते. नेउस नॉर्विनला चमच्याने खरवड कशी सोडवायची ते दाखवत होती. शेजारी वाइन ओतून घेत होते. इकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. तो विहीणबाईंच्या कानाशी वाकला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "उजवीकडून ढवळायचं, का डावीकडून?"